तालुक्याच्या गावचं रुग्णसाहित्य केंद्र : एक परीक्षण

अर्धांगवायूचा किंवा खुब्याच्या ऑपरेशनचा रुग्ण घरी सोडताना डॉक्टर कागदावर तीन-चार वस्तू लिहून देतात : फाउलर कॉट (हँडल फिरवून डोक्याकडचा भाग उचलता येणारी कॉट), एअर बेड (पंपावर चालणारी हवेची गादी), कमोड खुर्ची, वॉकर. रुग्णवाहिका दारात यायच्या आधी हे सगळं घरात लागतं. विकत घ्यायचं तर साध्या फाउलर कॉटलाच दहा-पंधरा हजार मोजावे लागतात आणि वस्तू वापरायची असते दोन-तीन महिने. शहरात भाड्याने देणारी दुकानं आहेत. तालुक्याच्या गावी मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या घरातून किंवा मंदिराच्या खोलीतून चालणारं रुग्णसाहित्य केंद्र हाच आधार असतो. रोटरी, लायन्स, जनकल्याण समिती, ज्येष्ठ नागरिक संघ अशा अनेकांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी ती उभी केली आहेत.

इथे ज्या केंद्राबद्दल लिहायचं आहे ते सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एका घराच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. चालवणारे गृहस्थ साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. गाव त्यांना काका म्हणतं, तेच इथेही पुरे. नोंदवही काकू सांभाळतात, कॉट पोचवायची असली की मुलगा आपला छोटा हत्ती काढतो. पगारी माणूस एकही नाही.

वस्तूंच्या संख्येवर गुण द्यायचे तर याहून मोठी केंद्रं बरीच सापडतील. पण बहुतेक केंद्रांचं दुखणं संख्येत नसून दुरुस्तीत असतं. ब्रेक न लागणारी व्हीलचेअर, रबरी बूट झिजलेला वॉकर, पंप बंद पडलेला एअर बेड कोपऱ्यात पडून राहतो आणि यादीत मात्र 'उपलब्ध' म्हणून दिसतो. इथे तसं होत नाही. परत आलेली वस्तू तपासून, धुऊन, ऑइल-पाणी करूनच मांडणीवर जाते. तोवर तिच्यावर लाल चिंधी बांधलेली असते. चिंधी असलेली वस्तू कितीही गयावया केली तरी मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

घ्यायची पद्धत सोपी आहे. डॉक्टरांची चिठ्ठी किंवा डिस्चार्ज कार्ड, नेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स, दोन वेगवेगळ्या माणसांचे फोन नंबर आणि परत मिळणारी अनामत रक्कम. काठी, कुबड्या, वॉकर यांना भाडं नाही. कॉट, एअर बेड आणि ऑक्सिजनचं मशीन यांना देखभालीपुरतं नाममात्र शुल्क आहे आणि त्याची पावती मिळते. दुसरा फोन नंबर घेण्यावर काकू फार ठाम असतात; रुग्णाच्या मुलाची बदली झाली, नंबर बदलला, की वस्तू कुठे गेली ते कळायला मार्ग उरत नाही. प्रत्येक वस्तूवर ऑइल पेंटने नंबर टाकलेला आहे आणि वहीत त्या नंबरापुढे ती कोणत्या अवस्थेत दिली तेही लिहिलेलं असतं : 'डावं फूटरेस्ट सैल', 'गादीला एक ठिगळ'. परत करताना वाद होत नाहीत ते यामुळेच. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ असली, तरी रात्री डिस्चार्ज झालेल्याला दार उघडलं जातं. जायच्या आधी फोन मात्र करावाच, कारण काय शिल्लक आहे ते दाखवणारा फलक बाहेर नाही.

कॉट न्यायला जाणाऱ्यांनी आधी घरची मापं घ्यावीत. फाउलर कॉट साधारण साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असते. जुन्या घरांच्या आतल्या खोल्यांची दारं अडीच फुटांची असतात. तिथून कॉट एका कुशीवर उभी करून, डोक्याकडची आणि पायथ्याची पाटी वर ओढून काढूनच आत जाते. वळणाचा जिना असला तर वर न्यायचा विचार सोडावा आणि रुग्णाची सोय खालच्या खोलीत करावी. उचलायला चार माणसं हवीत. सेमी-फाउलरला एकच हँडल असतं, त्याने फक्त डोक्याकडचा भाग उचलला जातो. फुल फाउलरला दोन हँडल असतात, दुसऱ्याने गुडघ्याकडचा भाग वर येतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला फुल फाउलरच मागावी. वापरताना आधी गुडघ्याकडचा भाग थोडा उचलावा, मग पाठ. उलट केलं तर रुग्ण हळूहळू पायथ्याकडे घसरतो, माकडहाडाजवळची कातडी ताणली जाते आणि तिथेच जखम सुरू होते. नुसत्या दाबापेक्षा ही घसरण जास्त वाईट, हे घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. इथे कॉट जोडून देतानाच करून दाखवतात. हँडल शेवटाला पोचलं की आणखी जोर लावायचा नाही. आतले आटे गेले की कॉट मध्येच अडकते. फिरवून झालं की हँडल आत दुमडायचं, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याची नडगी फुटते. उंची वाढवायला पायांखाली विटा ठेवायची सवय आपल्याकडे आहे. चाकांच्या कॉटखाली विटा कधीही ठेवू नयेत.

एअर बेड ही या केंद्रातून सर्वांत जास्त जाणारी आणि सर्वांत चुकीची वापरली जाणारी वस्तू. त्याचं काम समजून घेतलं तर निम्म्या तक्रारी संपतात. गादीत हवेचे फुगे दोन गटांत असतात. पंप एक गट भरतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, आणि काही मिनिटांनी अदलाबदल करतो. त्यामुळे शरीराच्या एकाच जागेवर सतत भार राहत नाही. पंप दिवस-रात्र चालू ठेवायचा. 'गादी फुगली, आता बटण बंद करू, वीज वाचेल' असं केलं की ती साधी प्लॅस्टिकची गादी उरते. एअर बेड नेहमीच्या कापसाच्या किंवा फोमच्या गादीवर अंथरायचा, फुग्यांची बाजू वर, आणि वर एकच पातळ सुती चादर, तीही ताणून न खोचता सैल. वर गोधडी, रबरी शीट, त्यावर घडी केलेलं जुनं लुगडं असे थर चढवले की हवेचा उपयोग शून्य. घाम आणि ओल अडकून कातडी मऊ पडते ते वेगळंच.

पंप पायथ्याच्या पाटीला अडकवायचा, जमिनीवर ठेवायचा नाही. फरशी पुसताना पाणी जातं. दाबाचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे फिरवायचं. बरोबर दाब ओळखायची खूण सोपी आहे : रुग्ण उताणा असताना त्याच्या माकडहाडाखाली, एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये हाताचा तळवा सरकवून पाहायचा. शरीर आणि हात यांच्यात इंचभर तरी हवेचा थर जाणवला पाहिजे. माकडहाड थेट हातावर टेकत असेल तर हवा कमी आहे. गादी दगडासारखी लागली तर जास्त. गादी फुगतच नसेल तर भोक शोधण्याआधी नळ्या पाहाव्यात. पाटीच्या आणि गादीच्या मध्ये नळी दुमडलेली असते, किंवा पंपावरून निसटलेली असते. खरंच भोक असेल तर ते बहुधा सेफ्टी पिनचं असतं, लघवीची पिशवी चादरीला अडकवताना लावलेल्या. पिन वापरायचीच नाही. पिशवीच्या हुकाने ती कॉटच्या दांडीला टांगायची. ठिगळ घरी सायकलच्या सोल्यूशनने लावू नये, ते दोन दिवसांत सुटतं. केंद्रात प्लॅस्टिकला चालणारं चिकटद्रव्य आहे.

आणि एअर बेड आला म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. दर 2 तासांनी कूस, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी, आणि रोज एकदा माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती उजेडात पाहायची. बोट दाबून सोडल्यावरही लाली गेली नाही तर ती जखमेची सुरुवात आहे. हे सगळं छापलेला एक कागद गादीबरोबर मिळतो. तो कपाटात न ठेवता भिंतीवर चिकटवावा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन, 2021 च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर अनेक गावांत आले. बऱ्याच ठिकाणी ते तेव्हापासून खोक्यात आहेत, आणि खोक्यात पडलेलं मशीन खराब होतं. आतला झिओलाइट (ऑक्सिजन वेगळा करणारे बारीक खडे) हवेतली ओल शोषून घेतो आणि मग मशीन आवाज तर करतं, ऑक्सिजन मात्र पुरेसा देत नाही. इथे न गेलेली मशीनंही महिन्यातून एकदा चालवतात, वहीत तारीख लिहून. ही एक सवय या केंद्राला बाकीच्यांपेक्षा वर नेते.

मशीन 5 लिटरचं, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त 5 लिटर देणारं आहे. चांगल्या स्थितीत ते 90 ते 96 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतं. किती लिटरवर ठेवायचं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं आणि तेवढंच ठेवायचं. 'थोडा वाढवून बघू' हा मोह विडीने फुप्फुसं गेलेल्या जुन्या रुग्णांच्या बाबतीत घातक ठरतो. डॉक्टर अशांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा बहुधा 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यानच ठेवायला सांगतात, आणि त्यापलीकडे ऑक्सिजन दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. मशीन भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याला न चिकटता. मागची जाळी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवायची. पाण्याच्या बाटलीत उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी, दोन खुणांच्या मध्ये, रोज बदलून. बाटलीत बुडबुडे येत नसले तर बहुतेक वेळा झाकणाचे आटे तिरके बसलेले असतात. झाकण काढून सरळ लावलं की काम होतं.

ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे समई, निरांजन, उदबत्ती, विडी, गॅस काहीही पेटवायचं नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर दिवा दुसरीकडे हलवावा लागतो, आणि ही गोष्ट काका आजीला समजेल अशा शब्दांत सांगून मगच मशीन देतात. नाक कोरडं पडलं म्हणून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही. पाण्यात विरघळणारी जेली औषधाच्या दुकानात मिळते.

वीज गेली तर? मशीन साधारण 350 वॅट खातं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो साइन वेव्ह (लाइनच्या विजेसारखीच वीज देणारा) हवा, आणि 150 अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर जेमतेम तीन-चार तास निघतात, तेही बॅटरी नवी असेल तर. म्हणून मशीनबरोबर एक छोटा सिलिंडर घ्यावाच. बी टाइप सिलिंडरमध्ये भरल्यावर साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 2 लिटर दिला तर 750 मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. काटा अर्ध्यावर असेल तर त्याच्या निम्मे. हा हिशेब सिलिंडरला अडकवलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलेला आहे, आणि रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाला तो पुठ्ठा फार धीर देतो. सिलिंडरच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस अजिबात लावायचं नाही, आग लागू शकते. सिलिंडर उभाच, साखळीने किंवा दोरीने कॉटला बांधून ठेवायचा.

वॉकर, काठी, कुबड्या यांबद्दल थोडक्यात. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे वॉकरची मूठ यावी. चारही पायांच्या बटणांचा 'टक' आवाज ऐकल्याशिवाय उभं राहू नये. कुबडी काखेपासून दोन-तीन बोटं खाली असावी आणि भार हातांवर घ्यावा. काखेत भार घेतला तर शीर दबून हात बधिर होतो. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. इथे वॉकर देताना रुग्णाची उंची विचारतात, आणि जमलं तर घरी येऊन माप लावून देतात.

व्हीलचेअर नेताना न्हाणीघराचं दार आधी मोजावं. साध्या व्हीलचेअरची बाहेरची रुंदी दोन फुटांच्या वर असते, न्हाणीघराचं दार बहुधा दोन फुटांचंच. मग रुग्णाला दारातून उचलून न्यावं लागतं आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. अशा घरांनी चाकांची अरुंद कमोड खुर्ची मागावी. खुर्चीतून उठवताना आधी दोन्ही ब्रेक, मग पायपट्ट्या वर. पायपट्टीवर उभं राहून खुर्ची पुढे उलटणं हा नेहमीचा अपघात. उतारावरून खुर्ची उलटी, म्हणजे रुग्णाची पाठ उताराकडे ठेवून उतरवायची. पुढची छोटी चाकं जड फिरायला लागली तर त्यांत केस आणि दोरे गुंतलेले असतात. ते काढायला कात्री पुरते, तेल नको.

सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं) आहे, पण ते नर्स किंवा शिकलेला माणूस घरात असल्याशिवाय देत नाहीत. नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) देतात, मास्क आणि नळी मात्र नवी विकत आणायला लावतात. लघवीचं भांडं आणि बेडपॅनही वापरलेलं देत नाहीत. काही लोक यावर नाराज होतात. त्यांनी होऊ नये. एकाच्या थुंकीतले जंतू दुसऱ्याच्या छातीत जाऊ नयेत म्हणून हा नियम आहे.

स्वच्छतेबद्दल बोलायचं तर परत आलेली लोखंडी आणि प्लॅस्टिकची वस्तू आधी साबणाने धुतात, मग 5 टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचा 1 भाग आणि पाण्याचे 9 भाग अशा द्रावणाने पुसून दहा मिनिटांनी पुन्हा साध्या पाण्याने. हे शेवटचं पाणी विसरलं तर लोखंड गंजतं. रेक्झिनच्या गाद्या सावलीत वाळवतात, उन्हात त्यांना भेगा जातात. कॉटच्या पोकळ पाइपांत ढेकूण असण्याची शक्यता धरून सांध्यांवर उकळतं पाणी ओततात. या कामाला शेडच्या बाजूचा मोकळा वाफा आहे, आणि ते बहुतेक वेळा काका-काकू दोघंच करतात, पहाटे.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच नियमावलीत सापडणार नाही. देणगीतून आलेल्या वस्तूंवर देणाऱ्याच्या आई-वडिलांचं नाव 'कै. ... यांच्या स्मरणार्थ' असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. बऱ्याच ठिकाणी ते कॉटच्या पायथ्याच्या पाटीवर, मोठ्या अक्षरांत असतं. म्हणजे पडलेल्या रुग्णाने डोळे उघडले की समोर तेच. या केंद्रात नाव कॉटच्या खालच्या पट्टीवर लिहितात आणि शेडमधल्या फलकावर सगळ्या दात्यांची नावं ठसठशीत असतात. देणाऱ्याचा मान राहतो, रुग्णाचं मनही राहतं. वस्तू नेताना इथे 'पुन्हा या' म्हणत नाहीत. 'बरं वाटलं की आणून द्या' म्हणतात.

पण सगळ्यांना बरं वाटत नाही. माणूस गेल्यावर ती कॉट घरच्यांना डोळ्यांसमोर नको असते, आणि ती परत करायला शेडमध्ये जाणंही जड जातं. मग ती माळ्यावर किंवा गोठ्यात पडून राहते. गावोगावच्या केंद्रांच्या वस्तू अशाच हरवतात. चोरी फार कमी. इथे तेरावा होईपर्यंत फोन करत नाहीत. त्यानंतर काकू घरातल्या बाईशी बोलतात, वस्तूचा विषय शेवटी काढतात आणि मुलगा येऊन घेऊन जाईल असं सांगतात. अनामत रक्कम सोबत पाठवतात. अनेक घरं ती परत घेत नाहीत, आणि दुरुस्तीचा बराचसा खर्च त्यातूनच भागतो.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. ऑक्सिजनची शुद्धता मोजायचं यंत्र इथे नाही. मशीनच्या दिव्यावर आणि रुग्णाच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर भिस्त आहे. छोटं मोजयंत्र या कामाला पुरतं, ते घेणं ही पहिली गरज. कॉट आणि खुर्च्या साधारण 100 किलोपर्यंतच्या रुग्णाचं वजन पेलणाऱ्या आहेत. त्याहून जड रुग्णासाठी शहरातून मोठ्या मापाची भाड्यानेच आणावी लागेल. गल्ली अरुंद आहे, मोठा टेम्पो शेडपर्यंत येत नाही. नोंद एकाच वहीत आहे, तिची दुसरी प्रत कुठेही नाही. रोज संध्याकाळी पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तरी ही काळजी मिटेल.

आणि सर्वांत मोठी उणीव : काकांच्या हाताखाली तयार झालेला दुसरा माणूस नाही. हे घर कधी एकदम गावाला जात नाही, लग्नकार्य असलं तरी एक जण मागे राहतो. सण असो, जेवणाचं ताट वाढलेलं असो, फाटक वाजलं की कोणीतरी उठतं. गावाने हे गृहीत धरलं आहे, आणि ते गावाला शोभत नाही. आयटीआयच्या दोन मुलांनी रविवारचे दोन तास दिले तरी कॉटचे आटे आणि खुर्चीचे ब्रेक शिकून होतील. नोंदवहीसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी कोणी बसलं तर काकूंना सुट्टी मिळेल.

देणगी द्यायची असेल तर विचारून द्यावी. वॉकर आणि काठ्या इथे भरपूर आहेत. गरज आहे ती एअर बेडच्या पंपांची, फुल फाउलर कॉटची आणि अरुंद कमोड खुर्च्यांची. घरातलं जुनं साहित्य द्यायचं तर आधी फोटो पाठवावा. वापरलेल्या मास्क-नळ्या, उरलेली औषधं, डायपरची फुटलेली पाकिटं आणून ठेवू नयेत, ती टाकायचं काम वाढतं. प्राप्तिकराची सवलत जुन्या करपद्धतीत, आणि संस्थेची तशी नोंदणी असेल तरच मिळते; तीही पैशांच्या देणगीवर, वस्तूवर नाही, आणि 2000 रुपयांच्या वरची रोख रक्कम त्यात धरली जात नाही. म्हणून चेकने किंवा खात्यावर द्यावी आणि पावती मागून घ्यावी.